किलोमागे किती युनिट?

भाजी न्यायला आलेल्या एका बाईंनी सहज विचारलं होतं, "सेंद्रिय म्हणजे वीज-डिझेलसुद्धा कमीच लागत असेल, नाही का?" मी "हो, बरंच कमी," असं ठोकून दिलं. रासायनिक खत नाही, विषारी फवारा नाही, मग ऊर्जा कमीच लागणार, असं माझं सरळसोट गणित. बाई गेल्यावर धाकटा भाऊ क्रेट उचलता उचलता म्हणाला, "ताई, बरंच म्हणजे किती?"

किती ते मला सांगता येईना. सहा वर्षं आम्ही दोघं अर्धा हेक्टर भाजी सेंद्रिय पद्धतीने करत होतो. बियाणं, खत, पेरणी, काढणी, सगळ्याच्या नोंदी होत्या, कारण प्रमाणपत्रासाठी त्या ठेवाव्याच लागतात. वीज आणि इंधन मात्र बिलापुरतं. भरलं की विसरलं. तपासणीला येणारा माणूसही शेणखत कुठून आणलं ते विचारतो, किती डिझेल जाळून आणलं ते विचारत नाही. तेव्हा एक वही घातली आणि ठरवलं, वर्षभर मोटार, टेम्पो, शीतखोली, जे जे काही चालेल त्याची नोंद इथे.

पहिली अडचण मापाची. वीज युनिटमध्ये, डिझेल लिटरमध्ये, गॅस किलोत, माणसाचं काम दिवसांत. बेरीज करायची तरी कशाची? मी सगळं विजेच्या युनिटमध्ये, म्हणजे किलोवॉट-तासात आणायचं ठरवलं. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण ३६ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे १० युनिट. आकडा इतका सोयीचा की पुढे तो तोंडात बसला. गॅसच्या एका किलोचे जवळपास १३. आणि माणूस? धडधाकट माणूस दिवसभर रेटू शकेल असं काम साधारण ७५ वॉटच्या ताकदीचं असतं. आठ तासांचे झाले ०.६ युनिट. डिझेलच्या इंजिनात उष्णतेचा पाव ते तिसरा हिस्साच कामाला येतो, बाकीची धुरातून आणि रेडिएटरमधून जाते. तरीसुद्धा एक लिटर म्हणजे चार-पाच माणसांची दिवसभराची मेहनत. हे ऐकून भाऊ म्हणाला, "मग कॅनमध्ये शंभर माणसं भरून ठेवलीत म्हण की." कॅन वीस लिटरचा होता.

यात एक पेच आहे आणि तो मला पूर्ण सोडवता आला नाही. कोळशाच्या वीज केंद्रात एक युनिट वीज करायला कोळशातली जवळपास तीन युनिट उष्णता खर्ची पडते. त्यामुळे विजेचं एक युनिट आणि डिझेलचं एक युनिट यांची सरळ बेरीज म्हणजे गव्हाच्या पोत्यांत पिठाची पोती मिळवल्यासारखं. मी दोन रकाने वेगळे ठेवले आणि शेवटी बेरीज केली ती हे लक्षात ठेवून. काटेकोर माणसाला हे पटणार नाही. पण मला संशोधन करायचं नव्हतं. गळती कुठे आहे ते शोधायचं होतं.

सुरुवात पाण्यापासून केली, कारण सगळ्यात जास्त वीज तिथेच जाते अशी माझी खात्री होती. (ही खात्रीही पुढे खोटी ठरली.) विहिरीवर ५ एचपीची मोटार. घेताना विकणाऱ्याने सांगितलं होतं, "मोठीच घ्या, पुढे कमी पडायला नको," आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. ठिबकाला एका वेळी एवढं पाणी लागत नाही, म्हणून मुख्य पाइपवरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासूनची. त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही. ड्रिपरमधून थेंब पडत होते, नळ्या फुटत नव्हत्या, झालं.

मोटारीला वेगळा मीटर नव्हता. मग घरच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा कामी आला. आमच्या मीटरवर एका युनिटला १६०० इम्पल्स असं छापलेलं आहे. म्हणजे दिवा १६०० वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सगळं बंद करून फक्त मोटार चालू ठेवली आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजलं. ८५ वेळा. तासाला ५१००, म्हणजे जवळपास ३.२ किलोवॉट. मग वीस ड्रिपरखाली वाट्या ठेवल्या, पंधरा मिनिटांनी पाणी मोजलं. सरासरी निघाली ताशी दोन लिटर. शेताच्या एका भागात साधारण ४००० ड्रिपर आहेत, तेव्हा मोटार ताशी ८००० लिटर पाणी देत होती.

आता हे पाणी द्यायला खरं म्हणजे लागतं किती? १००० लिटर पाणी ३६७ मीटर उंच चढवायला एक युनिट लागतं. हा गुरुत्वाकर्षणाचा हिशोब, त्यात कोणाचं काही चालत नाही. आमच्या विहिरीत पाणी १२ मीटर खाली. ठिबकाला एक बार दाब हवा, तो म्हणजे आणखी १० मीटर चढवल्यासारखं. पाइप आणि फिल्टरमधल्या घर्षणाचे ८ मीटर धरले. एकूण ३०. ताशी ८००० लिटरला त्या हिशोबाने लागतात ०.६५ युनिट. आम्ही जाळत होतो ३.२. पाचातला एक हिस्सा पाण्याला आणि चार हिस्से मोटारीच्या, पंपाच्या आणि त्या अर्धवट मिटलेल्या व्हॉल्व्हच्या पोटात. कुठलाही छोटा पंप सगळी वीज पाण्याला देत नाही, चाळीस टक्के मिळाले तरी पुष्कळ, हे मान्य. पण पाचात एक म्हणजे नळ पूर्ण सोडायचा आणि त्याचं तोंड अंगठ्याने दाबून धरायचं, असा प्रकार होता.

मोटार दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "व्हॉल्व्ह सगळा उघडा आणि एका वेळी दोन भाग लावा. निम्म्या वेळात काम होईल." लावले. लुकलुक वाढली, पण वेळ निम्मा झाला आणि दिवसाच्या आठ युनिटांवरून (ताशी ३.२, रोज अडीच तास) सव्वापाचावर आलो. पंधरा दिवस मी खुशीत होते. मग पालकाच्या शेवटच्या दोन वाफ्यांनी मान टाकली. पाइप तोच ठेवून त्यातून दुप्पट पाणी ढकललं की घर्षण दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतं. त्यामुळे टोकाच्या ड्रिपरपर्यंत दाबच पोचत नव्हता. वाट्या मी सुरुवातीच्या वीस ड्रिपरखाली ठेवल्या होत्या, टोकाच्या नाही. मोजायला बसले होते आणि मोजण्यातच चुकले होते.

पुन्हा एकेक भाग, पुन्हा अर्धा व्हॉल्व्ह. हंगाम संपल्यावर मात्र मोठी मोटार काढून २ एचपीची बसवली, व्हॉल्व्ह उघडा ठेवला. तिची लुकलुक मोजली: १.७ किलोवॉट, पाणी तेवढंच. दिवसाला सव्वाचार युनिट. आणि एक गोष्ट अचानक दिसायला लागली. फिल्टर तुंबला की आता टोकाचे ड्रिपर लगेच बंद पडत. आधीही फिल्टर तुंबत असणारच, पण मोठी मोटार तो दोष रेटून नेत होती आणि बिलात लिहीत होती. आता फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबमापक लावलेत. दोन्हींत अर्ध्या बारचा फरक दिसला की फिल्टरमधल्या चकत्या काढून धुवायच्या.

"मग सोलर का नाही लावत?" हे मला वर्षभरात जितक्या जणांनी विचारलं, त्यांची नोंद ठेवली असती तर दुसरी वही लागली असती. लावायचं आहे. पण आठ युनिटांची भूक असताना पॅनेल घेतली असती तर दुप्पट घ्यावी लागली असती, आणि त्यातली निम्मी त्या व्हॉल्व्हसाठी.

शीतखोलीचा हिशोब सुरू केला तेव्हा पाण्याचा पहिला नंबर गेला. मोटार वर्षातून दोनशे दिवस चालते, शीतखोली तीनशे. दिवसाला तिचेही आठ युनिट. म्हणजे वर्षाला पाण्याचे १६०० आणि थंडाव्याचे २४००. खोली छोटी, यंत्र ठीकठाक, तापमान ४ अंशांवर लावलेलं. सगळी भाजी त्यातच.

इथे मला शाळेतलं भौतिकशास्त्र उपयोगी पडलं. भाजी म्हणजे बहुतेक पाणीच. एक किलो भाजी एक अंशाने थंड करायला साधारण ४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. दुपारी अकराला तोडलेली, ३० अंशांची १०० किलो भाजी ५ अंशांवर आणायची तर काढायची उष्णता १०,००० किलोज्यूल, म्हणजे २.८ युनिट. थंड करणारं यंत्र एका युनिट विजेत अंदाजे अडीच युनिट उष्णता बाहेर टाकतं, तेव्हा वीज लागली १.१ युनिट. तीच भाजी पहाटे १८ अंशांवर असताना तोडली तर लागते ०.६ च्या आत. यंत्र तेच, भाजी तीच; फक्त आमची झोप मोडली की वीज निम्मी.

आम्ही पहाटे तोडत नव्हतो असं नाही. पालेभाजी पहाटेच तोडायचो. पण गाजर, कोबी, ब्रोकोली "त्यांना काय होतंय" म्हणून मागे ठेवायचो आणि ऊन चढल्यावर काढायचो. ब्रोकोली तर सगळ्यात वाईट. तोडल्यावरही भाजी श्वास घेत असते आणि त्या श्वासाची उष्णता तयार होत असते; तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग दुप्पट-तिप्पट होतो. ब्रोकोली, वाटाणा यांचा श्वास मुळातच जोरात, कांद्याचा-बटाट्याचा अगदी मंद. उन्हात तापलेली ब्रोकोली क्रेटमध्ये गच्च भरून ठेवली की ती स्वतःच एक लहानशी शेगडी होते आणि ती शेगडी आम्ही शीतखोलीत नेऊन ठेवत होतो.

त्याहून मोठा वेडेपणा टोमॅटोचा. टोमॅटो आणि काकडी यांना १० अंशांच्या खाली थंडी बाधते. ४ अंशांवर काही दिवस राहिलेला टोमॅटो पिठूळ होतो, चव जाते. काकडीवर पाणचट खड्डे पडतात. आम्ही दोन हंगाम टोमॅटोच्या वाणाला नावं ठेवली होती, बियाणं बदललं होतं. वीज घालून, यंत्र चालवून, टोमॅटो आम्हीच बिघडवत होतो. आता ते सावलीतल्या हवेशीर खोलीत असतात आणि तिथे एकही युनिट लागत नाही.

बाकीची दुरुस्ती किरकोळ होती. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची; सहज निघाली तर तिथून थंडी पळते आहे. आमची खालच्या बाजूला तीन ठिकाणी निघाली. यंत्राच्या मागच्या जाळीवर इतकी धूळ आणि वाळका पाला बसला होता की भावाने ब्रश मारल्यावर तिचा मूळ रंग काय होता त्यावर आमचा वाद झाला. या सगळ्यानंतर दिवसाचे आठ युनिट पाचावर आले. एकही नवी वस्तू न घेता, रबर सोडून.

रोपवाटिकेचं फार लिहिण्यासारखं नाही. थंडीत रोपांवरचा आख्खा प्लॅस्टिकचा बोगदा हीटरने ऊबदार ठेवायचो. प्लॅस्टिकचा एकेरी कागद उष्णता जवळपास अडवतच नाही; दर चौरस मीटरमागे, आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे ६ वॉटच्या आसपास बाहेर जातात. बहुतेक भाज्यांच्या बियांना उगवेपर्यंत उजेड लागत नाही, एवढं आठवलं आणि एका बिघडलेल्या फ्रिजच्या पेटीत छोटा हीटर आणि थर्मोस्टॅट बसवून ट्रे त्यात रचले. मिरचीचं बी त्यात आधीपेक्षा लवकर उगवलं. ३६० युनिटांचे २०० झाले.

आता तण. सेंद्रिय शेतीचा खरा भार इथे असतो आणि आम्ही सेंद्रियवाले त्याबद्दल मोकळेपणाने बोलत नाही. तणनाशक नाही म्हणजे खुरपं, कोळपं किंवा यंत्र. आमचा पॉवर टिलर आणि भाड्याचा ट्रॅक्टर मिळून वर्षाला १२० लिटर डिझेल, म्हणजे १२०० युनिट. त्यातलं बरंचसं तणासाठी रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती घुसळणारं अवजार, फिरवण्यात. आणि रोटाव्हेटरची गंमत अशी की वरचं तण कापताना तो खालचं बी उजेडात आणतो. दहा दिवसांनी नवी हिरवळ, पुन्हा रोटाव्हेटर. दुसऱ्या वर्षी आम्ही खोल फिरवणं थांबवून तण बोटभर असतानाच वरवर कोळपायला लागलो. फरक पडला, पण फार नाही. १२० चे ११५ लिटर. वहीत तसंच लिहिलं आहे.

गाजराला मात्र वेगळा प्रयोग केला: गॅसची ज्योत. गाजर उगवायला आठ ते चौदा दिवस घेतं, तण त्याआधीच वर येतं. गाजर वर यायच्या आदल्या दिवशी वाफ्यावरून ज्योत फिरवली की तण मरतं आणि गाजर मातीखाली सुखरूप. आदला दिवस कसा ओळखायचा? वाफ्याच्या एका कोपऱ्यावर काचेचा तुकडा ठेवायचा. काचेखाली ऊब जास्त, तिथलं गाजर एक-दोन दिवस आधी डोकं काढतं. ते दिसलं की बाकीच्या वाफ्यावर ज्योत. तण जाळून कोळसा करायचं नसतं. क्षणभराच्या उष्णतेने पानातल्या पेशी फुटल्या की पुरे. पान चिमटीत दाबलं आणि बोटाचा काळपट ठसा उमटला, तर काम झालं. पहिल्या दिवशी मला हे कुठलं पटायला! मी प्रत्येक रोप काळं होईपर्यंत थांबत गेले. त्या नादात कडेची ठिबकाची नळी पाच मीटर वितळवली आणि निम्मा गॅस फुकट घालवला. शिवाय गवतवर्गीय तणाचा शेंडा मातीच्या आत असतो, ते चार दिवसांत परत फुटलं.

३०० चौरस मीटरला एका वेळी दोन किलो गॅस, म्हणजे २६ युनिट. तेवढंच खुरपायला चार माणसं दिवसभर, म्हणजे अडीच युनिटांहून कमी. ऊर्जेच्या हिशोबात खुरपणी दहापट स्वस्त! पण बोटभर गाजराच्या ओळीतून केसाएवढं तण उपटत आठ तास उकिडवं बसणं काय असतं ते त्या अडीच युनिटांत येत नाही. गाजराला मी गॅसच वापरते आणि वहीत २६ लिहिते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी मी जे पान लिहायला सगळ्यात उत्सुक होते ते खताचं. माझा सगळा अभिमान तिथे होता. हवेतला नत्र अमोनियात बांधण्याची युक्ती फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली, कार्ल बॉशने ती कारखान्याच्या मापाला नेली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला पहिला कारखाना सुरू झाला. तेव्हापासून रासायनिक नत्र म्हणजे प्रचंड दाब, चारशे-पाचशे अंश तापमान आणि आज बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू. किलोभर नत्रामागे साधारण ५५ ते ६० मेगाज्यूल धरले तर हेक्टरी १२० किलोच्या हिशोबाने आमच्या अर्ध्या हेक्टरला ६० किलो, म्हणजे सुमारे ३५०० मेगाज्यूल. जवळपास १००० युनिट. १०० लिटर डिझेल. हे आम्ही वाचवलं.

शंभर लिटर वाचले म्हणून मी टेम्पोचं पान उघडलं.

आठवड्यातून दोन फेऱ्या, वर्षातले ४५ आठवडे, जाऊन-येऊन ६० किलोमीटर. ५४०० किलोमीटर, लिटरला दहाच्या हिशोबाने ५४० लिटर. ५४०० युनिट. मी दोनदा बेरीज केली. मोटार, शीतखोली, रोपवाटिका, धुण्याचा पंप, दिवे, सगळी वीज मिळून ४६०० युनिट. एकटा टेम्पो त्याहून जास्त. रासायनिक नत्र न वापरून वर्षभरात जे वाचवलं, ते टेम्पो नवव्या आठवड्याच्या आत पिऊन टाकत होता.

टेम्पोत जायचं तरी काय? वर्षाची विक्री ९००० किलो, ९० फेऱ्या: फेरीला १०० किलो. उरलेला टेम्पो भरून आम्ही हवा नेत होतो.

स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून सेंद्रिय आणि रासायनिक खतं वापरणाऱ्या नेहमीच्या पद्धतींची शेजारी-शेजारी लागवड करून तुलना चालू आहे. तिचे २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले तेव्हा सेंद्रिय भागाचं उत्पादन २० टक्के कमी, पण खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी, असं त्यात होतं. हे आकडे मी अनेकांना ऐकवले होते. त्यातली पिकं मुख्यतः गहू, बटाटा, चारा अशी. तिथे नत्राचा वाटा मोठा, म्हणून बचतही मोठी. आणि तो हिशोब शेताचा आहे. माझी भाजी शेतातून निघून धुतली जाते, थंड होते, आठवड्यातून दोनदा गाडीत बसते. गव्हाचा आकडा मी पालकाला चिकटवत होते.

आणखी एक टोचणारी गोष्ट. आमचं शेणखत ज्या गोठ्यातून येतं, तिथल्या जनावरांच्या चाऱ्याला रासायनिक नत्र घातलेलंच असतं. म्हणजे त्या कारखान्याची ऊर्जा आमच्या वाफ्यात येते, फक्त जनावराच्या पोटातून. हा हिस्सा किती धरायचा ते मला ठरवता आलं नाही. शेणखत आणायचं डिझेल तेवढं धरलं, ४० लिटर. वाफे झाकायचा प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर आणि ठिबकाच्या नळ्याही बेरजेत घेतल्या नाहीत. २५ मायक्रॉनचा पेपर १००० चौरस मीटरला २३ किलो लागतो आणि किलोभर पॉलिथिनमागे ८० मेगाज्यूलच्या आसपास जातात. म्हणजे ५०० युनिटांची वस्तू. तिचं पान वेगळं आहे.

पहिल्या वर्षाची बेरीज: वीज ४६००, इंधन ७०००. एकूण ११,६०० युनिट, विकलेली भाजी ९००० किलो. किलोमागे १.२९. टोमॅटोच्या एका किलोत खाणाऱ्याला मिळणारी ऊर्जा साधारण १८० किलोकॅलरी, म्हणजे ०.२१ युनिट. सहापट घालून एकपट काढली. भाजी कोणी कॅलरीसाठी खात नाही हे खरं, पण आकडा वाचून मी त्या दिवशी वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी भावाने वही उघडली आणि विचारलं, "विकलेली ९०००. काढलेली किती?" काढलेली ११,०००. दोन टन भाजी कंपोस्टच्या ढिगात गेली होती. सेंद्रियवाल्याला याचं वाईट वाटत नाही, उलट "मातीतलं मातीत गेलं" म्हणून बरं वाटतं. पण त्या दोन टनांना पाणी दिलं होतं, तण काढलं होतं, काहींना तर शीतखोलीत आठवडाभर ठेवून, टेम्पोतून फिरवून परत आणलं होतं. सगळ्यात जास्त वाया जायचं लेट्यूस, कारण मी दर आठवड्याला एक पूर्ण वाफा लावायचे, विकलं जावो न जावो. दुसऱ्या वर्षी अर्धा वाफा लावला. वाया जाणं १२०० किलोवर आलं, विक्री ९८०० झाली. एक युनिट न वाचवतासुद्धा एवढ्याने किलोमागचा आकडा १.१८ वर आला असता.

टेम्पोचं कोडं सोपं होतं आणि तरी ते सोडवायला सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण त्यात माणसं होती. आमच्याच रस्त्यावर आणखी एक जण भाजी पिकवतात, तेही त्याच दिशेला जातात, त्यांचाही टेम्पो अर्धा रिकामा. एक फेरी त्यांची, एक आमची, भाजी दोघांची. ठरवायला दहा मिनिटं लागली, जमायला चार महिने. क्रेट वेगवेगळ्या मापाचे, निघायच्या वेळा वेगळ्या. एकदा आमची पालेभाजी त्यांच्या कांद्याच्या पोत्यांखाली चेपून गेली. मी चिडून बोलले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, चुकलं आमचं. पण तुमचे क्रेट एकावर एक बसत नाहीत, ते आधी बदला." बदलले. ५४० लिटरचे ३०० झाले.

दुसऱ्या वर्षाअखेर वीज २७९०, इंधन ४६००, विक्री ९८०० किलो. किलोमागे पाऊण युनिट.

त्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या. मी त्यांना आधीचं उत्तर मागे घेत असल्याचं सांगितलं, वही दाखवली, टेम्पोचं पानही. त्यांनी लक्ष देऊन पाहिलं आणि विचारलं, "आणि मी गाडी घेऊन येते ते?" त्या पाच किलोमीटरवरून येतात, दोन किलो भाजी नेतात. जाऊन-येऊन दहा किलोमीटरला पाऊण लिटर पेट्रोल धरलं, लिटरला नऊ युनिट, तर पावणेसात युनिट. किलोमागे सव्वातीन ते साडेतीन. दोन वर्षं आम्ही दोघांनी झटून जे खाली आणलं त्याच्या चौपटीहून जास्त, एका चकरेत. मी तिथेच मांडून दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की त्यांच्या गल्लीत अकरा घरं आहेत. आता मंगळवारी टेम्पो जाताना अकरा पिशव्या त्यांच्या दारात उतरवतो. पहिल्या आठवड्यात दोन पिशव्यांची अदलाबदल झाली. गाजर नको असलेल्या घरी गाजर गेलं. पिशव्यांवर आता खडूने आकडे घालतो.